हात बदलले : शून्य

मंगळवारी सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी 'हातबदल' या जुन्या वस्तूंच्या ॲपवर एक कात्री विक्रीला आली. मेरठची, दहा इंची, पितळी मुठीची. अंगठ्याच्या कडीला आतून निळा दोरा गुंडाळलेला. पात्याच्या मुळाशी 'मु. पो.' अशी अक्षरं कोरलेली. विकणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. नियमाप्रमाणे फक्त 'पाचशे किलोमीटरच्या आत' एवढंच.

आठ वाजून पाच मिनिटांनी ती सुहास धोत्रे यांना दिसली. सुहास बार्शीच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होते. ते कात्री शोधत नव्हते. सारिका पोरे यांच्या शिवणाच्या दुकानासाठी जुनं ओव्हरलॉक मशीन शोधत होते, दोघांच्या लग्नाआधी द्यायचं म्हणून. शिंपीकामाच्या वस्तू चाळता चाळता कात्री समोर आली आणि ते थांबले. ती अक्षरं कोणाची असू शकतात, हे त्यांना माहीत होतं. कात्रीचं वर्णन त्यांनी सारिकाच्या तोंडून चार वर्षांत पाच-सहा वेळा ऐकलं होतं.

पुढची दहा मिनिटं त्यांनी काय केलं हे ते कोणाला सांगत नाहीत. सव्वाआठला ते दुकानात आले.

सारिका ब्लाउज कापत होती. डोकं वर न करता म्हणाली, "आज इतक्या सकाळी? गाड्या पंक्चर का सगळ्या?"

"जरा बघा हे," सुहास म्हणाले आणि फोन कापडावर ठेवला.

सारिकानं आधी दोरा पाहिला. तो तिनंच गुंडाळला होता, अंगठ्याला घट्टे पडतात म्हणून. शेवटची गाठ उलटी बसली होती आणि ती सोडवायचा कंटाळा केला होता. चित्र मोठं केल्यावर गाठ दिसली. उलटीच.

"खाली वाचा," सुहास म्हणाले.

खाली झीजपत्र होतं. आता झीजपत्राशिवाय वापरलेली वस्तू विकता येत नाही. त्याआधीचे दिवस लोकांना आठवतात : 'एकहाती वापर', 'डॉक्टरांची गाडी, फक्त रविवारी चालवलेली', 'घरगुती कारणामुळे विकणे आहे'. फोटो एका सोफ्याचा आणि दारात उतरायचा दुसराच. मग झीज वाचणारं यंत्र निघालं. वस्तू तपासपेटीत ठेवायची. पेटी आता प्रत्येक तालुक्याच्या गावी असते. तीन मिनिटांत पेटी सांगते की वस्तू किती वर्षं वापरली, शेवटची केव्हा, आणि किती जणांनी. ही शेवटची ओळ खरेदीदार आधी वाचतो. तिला 'हात बदलले' म्हणतात. आकडा जितका कमी, तितकी वस्तू निर्धास्त.

कात्रीचं झीजपत्र असं होतं. सततचा वापर : एकोणीस वर्षं. शेवटचा वापर : सुमारे तीन आठवड्यांपूर्वी. हात बदलले : शून्य.

सारिकानं ते दोनदा वाचलं. मग हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही हे मला कशाला दाखवलंत?"

"मग काय करायला पाहिजे होतं?"

"शुक्रवार झाल्यावर दाखवायचं होतं."

सुहास स्टुलावर बसले. "तसंच करणार होतो," ते म्हणाले. "दहा मिनिटं."

सारिकाचे पती मुकुंद पोरे सात वर्षं दोन महिन्यांपूर्वी, जून महिन्यातल्या एका सोमवारी, "कात्रीला धार लावून येतो" असं सांगून सोलापूरला गेले. परत आले नाहीत. भांडण झालेलं नव्हतं. दुकान रडतखडत का होईना चालू होतं. फोन मोहोळच्या अलीकडे बंद पडला. पोलिसांत तक्रार, पेपरात फोटो, नातेवाइकांकडे फेऱ्या, सगळं झालं. मुलगी रेवा तेव्हा दहा वर्षांची होती. सारिकानं 'पोरे टेलर्स'च्या पाटीवर 'लेडीज' हा शब्द वाढवला आणि मुकुंदनी घरी ठेवलेल्या दुसऱ्या, जुन्या कात्रीनं काम सुरू केलं. मंगळसूत्र तिसऱ्या वर्षी काढून मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीत ठेवलं. फेकलं नाही, घातलंही नाही.

कायद्यानं सात वर्षांनंतर माणूस मृत मानता येतो, पण एका अटीवर. ज्यांना त्याची खबर मिळणं साहजिक होतं, त्यांना तेवढ्या काळात ती मिळालेली नसावी. सारिकाचा अर्ज कोर्टात होता. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तिला शपथेवर एवढंच सांगायचं होतं : 'मला माझ्या पतीची कोणतीही खबर मिळालेली नाही.' त्यानंतर पंधरा दिवसांनी नोंदणी पद्धतीनं लग्न.

तिनं फपाळ वकिलांना फोन लावला.

"सारिकाताई, खबर म्हणजे काय?" वकील म्हणाले. "पत्र, फोन, कोणी डोळ्यानं बघितलं. कात्री ही खबर नाही. कात्री ही कात्री आहे."

"पण त्यात लिहिलंय, हात एकच."

"मशीन लिहितंय. मशीनला कोर्टात साक्षीला उभं करणार का? तुम्ही शुक्रवारी या, आणि कृपा करून हे मला सांगितलंच नाही असं समजा."

"म्हणजे खबर आहे."

"मी असं कुठं म्हणालो?"

"मग समजायचं कशाला?"

फपाळ वकिलांना दुसरा फोन येत होता.

बुधवारी सारिका आणि सुहास सोलापूरला गेले. डॉ. तेजस्विनी ओव्हाळ तिथं प्रयोगशाळा चालवत. झीज वाचण्याचं मूळ सूत्र ज्यांनी मांडलं त्या चारजणांतल्या त्या एक. 'हातबदल'साठी तीन वर्षं काम करून बाहेर पडल्या होत्या. सुहासच्या आगारातल्या एका कंडक्टरच्या त्या मावसबहीण, म्हणून भेट मिळाली.

सारिकानं पिशवीतून घरची कात्री काढून टेबलावर ठेवली. "ही पण त्यांचीच. मिळवून बघता येईल म्हणून आणली."

"चांगलं केलंत," डॉक्टर म्हणाल्या. "आधी मी सांगते यंत्र काय बघतं. मध्येच विचारा. लोक विचारत नाहीत आणि मग आकड्यावर विश्वास ठेवतात."

त्यांनी समजावलं ते असं. कापड कापताना पात्यावर बारीक ओरखडे उठतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या चरांत कापडाची धूळ, मशीनचं तेल, हाताचा घाम आणि हवेतला ओलावा अडकतो. त्यावर नव्या कामाचा थर बसतो. पावसाळ्यातला थर गंजाचा आणि जाड, उन्हाळ्यातला कोरडा आणि पातळ. झाडाच्या बुंध्यात वर्षं मोजतात तशी इथंही मोजता येतात.

"धार लावली की हे जात नाही का?" सारिकानं विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "हा प्रश्न मला कंपनीत कोणीच विचारला नव्हता. धारेवरचे थर जातात. खिळ्याजवळचे राहतात. सहाण तिथवर पोचत नाही."

"बरोबर. तिथं मळ साठतोच."

"तोच आम्ही वाचतो. आता हात. प्रत्येकाच्या अक्षराला वळण असतं ना, तसं हाताला असतं. अंगठा किती तिरका, जोर आधी कुठल्या बोटाचा, कापताना मनगट किती वळतं. पितळ त्या हिशेबानं झिजतं. त्याला आम्ही हातवळण म्हणतो. झिजेत वळण बदललेलं दिसलं की हात बदलला."

"आणि त्या कात्रीत बदललेलं दिसलं नाही."

"नाही."

सारिकानं श्वास सोडला. सुहास खिडकीबाहेर बघत होते.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी घरची कात्री तपासपेटीत ठेवली. तीन मिनिटं गेली. मग पडदा त्यांनी सारिकाकडे वळवला.

सततचा वापर : पंचवीस वर्षं. शेवटचा वापर : चोवीस तासांच्या आत. हात बदलले : शून्य.

"चुकलंय," सारिका म्हणाली. "ही अठरा वर्षं त्यांनी वापरली, सात वर्षं मी. एक तरी पाहिजे."

"तुम्ही कोणाकडून शिकलात?"

"त्यांच्याकडूनच. लग्न झाल्यावर. हात धरून शिकवायचे."

"आणि शिकताना कात्री?"

"हीच. नवी मला देत नव्हते. स्वतःच्या बापालाही दिली नसती."

डॉक्टरांनी मुठीच्या कडीवर बोट ठेवलं. "इथं पितळ खोलगट झालंय. हा खड्डा त्यांच्या अंगठ्याचा. तुम्ही कात्री उचलता तेव्हा तुमचा अंगठा दुसरीकडे कुठं ठेवता येतो का?"

सारिकानं कात्री उचलली. अंगठा खड्ड्यात बसला. तिनं तो जरा वर सरकवून पाहिला आणि कात्री हातात वाकडी झाली.

"नाही बसत."

"अनोळखी माणसाचा हात पहिलं वर्षभर तिथं चाचपडतो. ते चाचपडणं झिजेत दिसतं आणि यंत्र सांगतं, हात बदलला. पण तुमचा हात त्यांनीच घडवलेला. तो चाचपडलाच नाही. यंत्राला त्यांचा हात आणि तुमचा हात एकच वाटतो. आम्ही त्याला वारसहात म्हणायचो. मी अहवालात लिहिलं होतं की अशा ठिकाणी शून्य छापू नका, 'सांगता येत नाही' असं छापा. त्यांचं म्हणणं, 'सांगता येत नाही' असं लिहिलेली वस्तू कोण घेईल?"

सुहास पहिल्यांदाच बोलले. "म्हणजे मशीनच्या मते मुकुंदराव काल दुपारी सारिकाच्या दुकानात बसून ब्लाउज कापत होते."

"हो."

"मी तिथंच बसलो होतो. मला दिसले नाहीत."

सारिका हसली नाही. ती आपल्या अंगठ्याकडे बघत होती. सात वर्षं ती एकटी कापत होती आणि त्याची कुठं नोंदच नव्हती. किंवा होती, पण दुसऱ्याच्या नावावर.

"मग ती कात्री," ती सावकाश म्हणाली, "एक तर त्यांच्याच हातात आहे. नाहीतर त्यांनी शिकवलेल्या हातात."

"यंत्रावरून एवढंच निघतं."

"त्यांनी माझ्याशिवाय कोणाला शिकवलं नाही. जाईपर्यंत तरी."

"मग गेल्यावर शिकवलं असेल."

"म्हणजे गेल्यावर जिवंत होते."

"काही काळ तरी. तुम्हाला शिकायला किती दिवस लागले?"

"दोन वर्षं. तेव्हा कुठं त्यांनी माझ्या पुढ्यात कापड टाकलं."

डॉक्टरांनी विक्रीच्या कात्रीचं झीजपत्र उघडलं. खरेदीदाराला फक्त तीन ओळी दिसतात. विक्रीतल्या वस्तूचा खालचा सगळा तपशील, जुन्या परवान्यामुळे, त्यांना उघडता येत होता. त्या वाचत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या.

"एक विचित्र गोष्ट आहे. मधूनमधून कागद आहे."

"शक्य नाही," सारिका म्हणाली.

"कागदात पांढऱ्या मातीची भुकटी असते, ती खिळ्यापाशी..."

"मॅडम, कापडाच्या कात्रीनं शिंपी कागद कापत नाही. धार मरते. कटिंगचे कागद कापायला वेगळी कात्री असते. आमच्याकडे तर कोणी त्या कात्रीनं सुतळी तोडली तरी जेवण बंद व्हायचं."

"पंधरा वेळा आहे. सुरुवातीची दोन वर्षं सोडून पुढची दहा वर्षं दरवर्षी एकदाच. मग दोन वर्षं नाही. नंतर पाच वर्षं पुन्हा दरवर्षी एकदाच."

"कोणत्या महिन्यात?"

"ऑगस्टची अखेर ते सप्टेंबरचा मध्य. त्याहून नेमकं सांगता येत नाही."

सारिका उठून उभी राहिली. बसली. पुन्हा उठली. रेवाचा वाढदिवस दोन सप्टेंबरला असतो.

संध्याकाळी पाचला, परतीच्या गाडीतून, तिनं पुण्याला रेवाला फोन केला.

"आई, शुक्रवारी सही करणार आहेस ना तू? की परत डोकं दुखणार तुझं?"

"एक सांग. वाढदिवसाला बाबा मुकुट करायचे तुला, तो कशानं कापायचे?"

"सोनेरी कागदाचा? मोठ्या कात्रीनं. तू ओरडायचीस. ते म्हणायचे, वर्षातून एकदा कात्रीचा पण वाढदिवस." रेवा थांबली. "का गं?"

"सहज."

"आई, सहज काही नसतं तुझं. सुहासकाका आहेत का तिथं? त्यांना दे."

सुहासनी फोन घेतला. "हं, बेटा... नाही, तब्येत ठीक आहे... अगं जेवलीय ती, भेळ खाल्ली मोहोळला." त्यांनी जेवणापलीकडे काही सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "एक बोलू? रागावणार नसाल तर."

"बोला."

"तेव्हाच गणपतीही असतात. त्या दिवसांत घरोघरी कागद कापतात. झालरी, फुलं, पताका. घरात पोर असेल तर ते हाताला लागेल ती कात्री उचलतं."

"शिंप्याच्या घरातलं पोर उचलणार नाही."

"शिंप्यानं दिली तर?"

सारिकानं बोटांवर वर्षं मोजली. दोन वर्षं खंड, मग दरवर्षी. दोन वर्षांत एक हात शिकून तयार होतो. दोन वर्षांत आणखीही बरंच काही होतं. मुकुंद कुठंतरी बसून दरवर्षी एका सोनेरी कागदाचा मुकुट कापत असतील, जो कोणाच्या डोक्यावर जात नाही. किंवा दुसऱ्या कोणा पोराच्या डोक्यावर जात असेल. किंवा दोन वर्षांनी ते संपले असतील आणि त्यांनी शिकवलेली एखादी बाई, सारिकासारखीच, त्यांच्या खड्ड्यात अंगठा ठेवून कापड कापत असेल आणि गणपतीत झालरी. तिन्ही गोष्टींचं झीजपत्र सारखंच आलं असतं. हे तिनं सुहासना सांगितलं नाही, पण ते आगारात वेळापत्रकं लावणारे होते. त्यांनीही हिशेब मांडला होता.

"तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?" तिनं विचारलं.

"खरं सांगू? ते जिवंत असावेत असं वाटतं," सुहास म्हणाले. "आणि शुक्रवारनंतर कळावं."

'हातबदल'वर खरेदीआधी विकणाऱ्याला एक प्रश्न विचारता येतो. एकच, आणि तो वस्तूबद्दलच असावा लागतो. नाव, गाव, फोन, काहीही ओळख सांगणारं असलं की यंत्रणा प्रश्न परत पाठवते. गुरुवारी दुपारी सारिकानं पहिला प्रश्न लिहिला : 'ही कात्री मुकुंद यांची आहे का?' परत आला. दुसरा : 'निळ्या दोऱ्याची गाठ उलटी का आहे?' यंत्रणेनं तो स्वीकारला, पण पाठवण्याआधी तिनंच खोडला. याचं उत्तर 'माहीत नाही' असं आलं असतं तर त्यातून काहीच कळलं नसतं. मुकुंद असोत किंवा त्यांनी शिकवलेलं कोणी, दोघंही तेच म्हणाले असते. गाठ उलटी का राहिली हे फक्त तिला माहीत होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी तिनं जो प्रश्न पाठवला तो असा : 'या कात्रीनं दरवर्षी कागद कोणासाठी कापता?'

संध्याकाळपर्यंत तो वाचला गेला नाही.

शुक्रवारी पावणेअकराला ती कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. उजव्या हाताचा अंगठा ती डाव्या मुठीत धरून होती. सुहास शेजारी, मध्ये एका माणसाची जागा सोडून. फपाळ वकील काळा कोट हातावर टाकून फेऱ्या मारत होते.

"फक्त 'नाही' म्हणायचं," ते म्हणाले. "एक शब्द. ताई, ऐकताय ना?"

दहा वाजून बावन्न मिनिटांनी तिचा फोन वाजला. प्रश्न वाचला गेला होता.

तिनं फोन मांडीवर उताणा ठेवला. समोरचा माणूस, कोणीही असो, त्या क्षणी तिचं वाक्य वाचत होता. सुहासनीही पाहिलं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि मग बघणं सोडून दिलं.

दहा अठ्ठावन्नला दुसरी खूण आली. उत्तर नव्हतं. कात्री विक्रीतून काढून घेण्यात आली होती. कारणाच्या रकान्यात यादीतला एक पर्याय निवडलेला होता : 'वस्तू विकायची नाही'.

"म्हणजे काय झालं?" सुहास म्हणाले.

"माहीत नाही."

"चांगलं की वाईट?"

"ते पण माहीत नाही."

अकरा वाजून सात मिनिटांनी शिपायानं नाव पुकारलं. न्यायाधीश बाईंनी अर्ज चाळला आणि विचारलं, "सात वर्षांत पतीची काही खबर?"

फपाळ वकिलांनी मान किंचित हलवली, आडवी.

"विचारलंय," सारिका म्हणाली. "उत्तर यायचंय."

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाला विचारलंय?"

"कात्री ज्याच्याकडे आहे त्याला."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी झीजपत्राची प्रत मागितली, ती वाचली आणि 'हात बदलले' या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. मग लेखनिकाला सांगितलं, अर्जदारानं चौकशी चालू असल्याचं सांगितलं, पुढील तारीख नऊ सप्टेंबर.

बाहेर आल्यावर फपाळ वकील निघून गेले. सुहासनी कॅन्टीनमधून दोन चहा आणले. लग्नाची तारीख त्यांनी कार्यालयात जाऊन स्वतः रद्द केली, नवी घेतली नाही. शनिवारी त्यांनी ओव्हरलॉक मशीन मात्र आणून दिलं. त्याच्या झीजपत्रावर 'हात बदलले : तीन' असं आहे, आणि सारिकाला ते बरं वाटतं.

ती अजून जुन्या कात्रीनंच कापते. एकदा तिनं नवी आणून पाहिली. चार दिवसांत अंगठा सुजला.

विक्रीतून काढलेल्या वस्तूचं पान 'हातबदल'वर नव्वद दिवस राहतं. त्यावरची शेवटची हालचाल दोन सप्टेंबरच्या दुपारी एक वाजून वीस मिनिटांची आहे. त्या वेळी, पाचशे किलोमीटरच्या आतल्या कुठल्याशा गावी, कोणीतरी ती कात्री पुन्हा तपासपेटीत ठेवली. विक्रीला लावली नाही. फक्त झीजपत्र नवं करून घेतलं. शेवटचा वापर : चोवीस तासांच्या आत. हात बदलले : शून्य.

काय कापलं, हे त्या तीन ओळींत येत नाही. डॉ. ओव्हाळांकडे सारिकाचा फोन दोन वाजता गेला. वस्तू विक्रीत नसल्यानं त्या अजून तपशील उघडू शकलेल्या नाहीत.